‘नाही’ म्हणण्याचा हक्क

इ. स. पू. १९१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचे वकील रोमच्या सिनेटपुढे उभे राहिले. त्यांच्या शहरावर रोमची युद्धखंडणी होती. दहा हजार टॅलेंट चांदी, पन्नास वर्षांच्या सारख्या हप्त्यांत. एक टॅलेंट साधारण २६ किलोचा, म्हणजे सगळी मिळून अडीचशे टनांहून जास्त चांदी. हप्ते सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. वकील म्हणाले, उरलेली सगळी रक्कम आम्ही आजच एकरकमी भरतो, शिवाय तुमच्या सैन्याला धान्यही पुरवतो. सिनेटनं उत्तर दिलं की धान्य घेऊ, पण त्याची किंमत चुकती करून. आणि खंडणीचा पैसा मुदतीआधी घेणार नाही.

कूळ कर्ज फेडायला दारात उभं आहे आणि सावकार पैसे घ्यायला तयार नाही, अशी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगितली तर खेड्यातलं पोरही सांगेल की सावकाराचा डोळा पैशावर नाही, जमिनीवर आहे. रोमन इतिहासकार लिव्हीनं ही हकिगत दोन-तीन ओळींत उरकली आहे. माझ्या मते मात्र रोम आणि कार्थेज यांच्या सव्वाशे वर्षांच्या वैराचं मर्म या दोन-तीन ओळींत आहे. ते कान्नीच्या रणांगणात नाही, आल्प्स ओलांडणाऱ्या हत्तींतही नाही.

या युद्धांची गोष्ट आपण हत्तींपासून सुरू करतो आणि कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या पराभवापाशी संपवतो. मग घाईघाईनं एक वाक्य जोडतो, की पुढे तिसरं युद्ध झालं आणि रोमनं कार्थेज बेचिराख केलं. पराभवानंतरचा तह आणि हे तिसरं युद्ध यांच्यामध्ये बावन्न वर्षं गेली. त्या बावन्न वर्षांत कार्थेजनं रोमवर एकदाही हत्यार उचललं नाही, एकही हप्ता बुडवला नाही. तरीही ते शहर मारलं गेलं. का, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नाही. जिंकलेल्यानं हरलेल्याशी कसं वागावं, आणि ‘उद्या हा आपल्यावर उठेल’ एवढ्या भीतीवर आज त्याला संपवण्याचा हक्क कुणाला असतो का, हे ज्यांना ठरवायचं आहे त्या सगळ्यांचा तो प्रश्न आहे.

आधी थोडं मागे जायला हवं.

कार्थेज ही मूळची फिनिशियनांची वसाहत. आजच्या लेबनॉनमधल्या टायरहून आलेल्या व्यापाऱ्यांनी, परंपरेप्रमाणे इ. स. पू. ८१४ मध्ये, आजच्या ट्युनिसजवळ ती वसवली. नाव ठेवलं ‘कार्त-हदश्त’, म्हणजे नवं शहर. ॲरिस्टॉटलनं ज्या मोजक्या राज्यव्यवस्थांचं कौतुक केलं, त्यांत कार्थेजची आहे. आणि त्यानं कौतुक केलेली बिगर-ग्रीक अशी ती एकटीच. रोमशी तिचं जन्मजात वैर नव्हतं. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनं दोघांमधला पहिला करार इ. स. पू. ५०९ च्या सुमाराचा दिला आहे आणि त्यानंतरही करार झाले. अडीच शतकं ही दोन राज्यं एकमेकांच्या हद्दी लिहून ठेवत, बऱ्यापैकी गुण्यागोविंदानं राहिली. रोमन आणि प्युनिक, म्हणजे कार्थेजी, रक्तातच काही वैर होतं, असं जे लिहिलं जातं, त्याला हे करार हेच उत्तर आहे.

इ. स. पू. २६४ मध्ये सिसिलीतल्या मेसाना शहरावरून ठिणगी पडली. भाडोत्री शिपायांच्या एका टोळीनं ते शहर बळकावलं होतं, आणि संकटात सापडल्यावर तिनं दोघांकडेही मदत मागितली. पुढे तेवीस वर्षं लढाई चालली, बहुतेक समुद्रावर. ज्या रोमला आरमार ठाऊक नव्हतं त्यानं किनाऱ्याला लागलेलं एक कार्थेजी जहाज समोर ठेवून शंभर पंचवल्ही जहाजं बांधली. पुढे वादळांत शेकडो जहाजं बुडाली, तेव्हा पुन्हा बांधली. शेवटी खजिना रिकामा झाल्यावर धनिक नागरिकांनी स्वतःच्या पैशानं दोनशे जहाजं उभी केली आणि इ. स. पू. २४१ मध्ये सिसिलीच्या पश्चिमेला एगेडियन बेटांपाशी निकाल लागला. गेल्या काही वर्षांत तिथल्या समुद्रतळावरून शत्रूच्या जहाजाला धडक देण्यासाठी नाळेवर बसवलेले काशाचे सोंडे वर काढण्यात आले आहेत. ते पाहिले की कळतं, हे युद्ध बरोबरीच्यांचं होतं.

हे युद्ध कुणाच्या अन्यायानं झालं, यावर मी वाद घालणार नाही. दोघांनाही सिसिली हवी होती. मात्र त्यानंतर लगेच जे घडलं त्यावर वाद घालायलाच हवा. हरलेल्या कार्थेजचे पगार थकलेले भाडोत्री सैनिक उठले आणि तीन-साडेतीन वर्षं कार्थेज स्वतःच्या जिवासाठी झुंजत राहिलं. ते दमून उठत असतानाच रोमनं सार्डिनिया बेट घेतलं, आणि विरोध केला म्हणून बाराशे टॅलेंट दंडही वसूल केला. पॉलिबियस हा रोमचा चाहता, स्किपिओ घराण्याच्या छायेत राहिलेला माणूस. तोही लिहितो की या कृतीला पटण्याजोगं एकही कारण सापडत नाही. हॅनिबलच्या युद्धाचं सर्वांत मोठं कारण म्हणून त्यानं बोट ठेवलं आहे ते याच सार्डिनियावर. तह झाल्यावरही तो मोडून आणखी घेता येतं, हे रोमनं इथे पहिल्यांदा करून पाहिलं.

मग हॅनिबल आला. त्याच्याबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु एक गोष्ट मोकळेपणानं मान्य केली पाहिजे. रोमची भीती खोटी नव्हती. इ. स. पू. २१६ च्या ऑगस्टमध्ये कान्नीला एका दिवसात किती रोमन आणि त्यांचे साथीदार पडले? लिव्ही सुमारे ४८ हजार सांगतो, पॉलिबियस ७० हजार. कमी आकडा धरला तरी त्यानंतर इटलीत घरटी सुतक असलेले महिने गेले असणार. हॅनिबल पंधरा वर्षं इटलीत वावरला. गावं जळली, शेतं उजाड झाली. ज्या पिढीनं हे पाहिलं तिला कार्थेजचं नाव ऐकून झोप येत नसेल, तर तिला दोष देणाऱ्यांतला मी नाही. कार्थेजही साधुसंतांचं शहर नव्हतं. हरलेल्या सेनापतींना ते सुळावर चढवत असे. आफ्रिकेतल्या लिबियन शेतकऱ्यांकडून पहिल्या युद्धात त्यानं अर्धं पीक कर म्हणून उपसलं. म्हणून मला गरीब बिचारं कार्थेज आणि दुष्ट रोम असा पट मांडायचा नाही.

माझं म्हणणं इ. स. पू. २०१ च्या तहाबद्दल आहे. हॅनिबल ज्यात हरला त्या झामाच्या लढाईनंतर रोमन सेनापती थोरल्या स्किपिओनं तो लादला. आरमार दहा जहाजांवर आलं. सगळे हत्ती गेले. खंडणी ठरली, ओलीस दिले गेले. हे सगळं जड होतं, तरी हरलेल्याला सोसण्यापलीकडचं नव्हतं. खरा फास पुढच्या दोन कलमांत होता. पहिलं, आफ्रिकेबाहेर कार्थेजनं कुणाशीही लढायचं नाही आणि आफ्रिकेत लढायचं तर रोमच्या परवानगीनंच. दुसरं, शेजारच्या नुमिडियाचा राजा मॅसिनिसा याच्या किंवा त्याच्या पूर्वजांच्या मालकीचं जे काही असेल ते त्याला परत करायचं.

ही दोन कलमं वेगवेगळी वाचली तर साधी वाटतात, शेजारीशेजारी ठेवली की हेतू दिसतो. मॅसिनिसा हा कार्थेजच्या बाजूनं स्पेनमध्ये लढलेला आणि वेळेवर रोमला मिळालेला सरदार. झामाला त्याच्याच घोडदळानं पारडं फिरवलं. आता त्याला शेजारी बसवलं. पूर्वजांच्या जमिनीवर हक्क दिला. पूर्वज कोणते आणि किती पिढ्यांपूर्वीचे, हे मोकळं ठेवलं. आणि ज्याच्या जमिनीवर हा हक्क सांगितला जाणार त्याचे हात बांधले. फिनिशियन तर मुळात बाहेरून आलेले! त्यांच्या पायाखालची एकूण एक जमीन कुणा ना कुणाच्या पूर्वजांची होतीच.

मराठी वाचकाला हा तह वाचताना १८०२ चा वसईचा तह आठवल्याशिवाय राहत नाही. परक्या सत्तेशी बोलणं करायचं तर आधी कंपनीला विचारायचं, आणि निजाम व गायकवाडांकडचे जुने दावे कंपनीच्या निवाड्यावर सोडायचे, असं पेशव्यांनी त्यात लिहून दिलं होतं. पंधरा वर्षांनी खडकीच्या मैदानावर काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, दुसरा बाजीराव म्हणजे कार्थेज नव्हे. तरी पंचही तोच आणि लाभार्थीही तोच, अशी लवाद व्यवस्था कशी काम करते हे समजायला आपल्याला फार दूर जावं लागत नाही.

आता ती बावन्न वर्षं. कार्थेजनं काय केलं? ते कामाला लागलं. इ. स. पू. १९६ मध्ये हॅनिबल शहराचा सुफेत, म्हणजे मुख्य न्यायाधिकारी झाला. त्यानं हिशेब तपासले आणि दाखवून दिलं की सरकारी पैशावर डल्ला मारणाऱ्यांकडून वसुली केली, तर नवा कर न लावता खंडणी फेडता येते. दुखावलेल्या बड्यांनी रोमकडे चुगल्या केल्या, की तो सिरियाच्या अँटायोकसशी संधान बांधतोय. थोरल्या स्किपिओनं सिनेटमध्ये सांगितलं की कार्थेजच्या घरगुती भांडणात रोमनं पडणं शोभत नाही. त्याचं ऐकलं नाही. वकील निघाले आणि हॅनिबल रातोरात पळाला. ज्या माणसानं खंडणी भरण्याची सोय लावली त्यालाच घालवून दिलं गेलं. तरी हप्ते चालूच राहिले. रोमच्या मॅसिडोनियाविरुद्धच्या युद्धांत कार्थेजचा गहू गेला. अँटायोकसशी लढताना रोमन ताफ्याबरोबर कार्थेजची जहाजंही होती. याहून आज्ञाधारक शत्रू कसा असतो?

आणि मॅसिनिसा खात राहिला. इ. स. पू. १९३ मध्ये त्यानं सिर्टिसच्या आखाताकाठच्या एम्पोरिया या सुपीक पट्ट्यावर हात टाकला. कार्थेजनं सांगितलं, हा मुलूख स्किपिओनं आखून दिलेल्या आमच्या हद्दीत आहे. रोमनं चौकशीला मंडळ पाठवलं आणि त्यात साक्षात थोरला स्किपिओ होता. ज्यानं रेघ आखली तोच पंच! लिव्ही म्हणतो, मान हलवून वाद मिटवता आला असता, एवढी त्याची माहिती होती आणि दोन्ही बाजूंवर तेवढं वजनही होतं. मंडळानं दोघांचं ऐकलं आणि काहीही न ठरवता ते परत गेलं.

इ. स. पू. १७२ मध्ये कार्थेजचे वकील पुन्हा रोमला आले. गेल्या दोन वर्षांत आमची सत्तरहून जास्त गावं आणि गढ्या मॅसिनिसानं घेतल्या, हे त्यांचं गाऱ्हाणं. त्यांनी तीनपैकी काहीतरी एक मागितलं. निःपक्षपातीपणे हद्द ठरवा. ते जमत नसेल तर आम्हाला स्वतःचा बचाव करायची परवानगी द्या. आणि तेही नको असेल, न्यायापेक्षा स्नेहच मोठा असेल, तर आमच्यातलं किती तुम्ही त्याला देणार ते एकदाच सांगून टाका. तुम्ही द्याल त्याला निदान काही माप असेल, तो स्वतः घेईल त्याला नाही.

तिसरी मागणी मी किती वेळा वाचली असेल कोण जाणे. एक राज्य दुसऱ्याला सांगतंय की आम्हाला लुटा, पण किती ते कळू द्या. यात बंडाचा लवलेश नाही. इतका खाली वाकलेला माणूस समोर उभा असताना ज्याला त्याची भीती वाटते, त्याच्या भीतीचं कारण समोरच्या माणसात शोधून सापडणार नाही.

पुढे एम्पोरिया गेलंच, वर पाचशे टॅलेंट भरपाईही द्यावी लागली. पॉलिबियस इथेही आडपडदा ठेवत नाही. दर वेळी निकाल कार्थेजविरुद्ध गेला. तो त्यांची बाजू खोटी होती म्हणून नव्हे, तसा निकाल देणंच पंचांच्या फायद्याचं होतं म्हणून, असं तो स्पष्ट लिहितो.

कठोर तहाबद्दल सहसा एकच गोष्ट सांगितली जाते. हरलेल्याला फार चिरडू नका, तो सूड घेईल. १९१९ च्या व्हर्साय तहाला अर्थतज्ज्ञ केन्स यांनी ‘कार्थेजी शांतता’ म्हटलं, तेव्हापासून हा शब्द त्याच अर्थानं फिरतो. मला ही तुलना उलटी वाटते. जर्मनीनं सूड घेतला. कार्थेजनं घेतला नाही. कार्थेज निमूटपणे वागलं आणि तरीही मारलं गेलं. तेव्हा २०१ च्या तहानं हरलेल्याचं काय केलं यापेक्षा जिंकणाऱ्याचं काय केलं, हे पाहिलं पाहिजे. पन्नास वर्षं समोरच्याच्या तोंडून ‘नाही’ ऐकायचीच सवय राहिली नाही, तर पहिलं ‘नाही’ हेच बंड वाटू लागतं. लवादासाठी आलेला रोमन पंच हळूहळू असं धरून चालू लागला की कार्थेजला स्वतःचं हित असणं हाच मुळी तहभंग आहे. कार्थेजच्या मनात रोमविषयी काय होतं ते सांगणारं कार्थेजी लिखाण उरलेलं नाही. रोमच्या मनात काय झालं याचे पुरावे मात्र रोमनांनीच लिहून ठेवले आहेत.

रोमन सिनेटर केटोकडे पाहा. इ. स. पू. १५० च्या दशकात असाच एक वाद मिटवायला हा ऐंशीच्या घरातला म्हातारा कार्थेजला गेला. तिथे त्यानं काय पाहिलं? शस्त्रं परजणारं सैन्य नव्हे. त्यानं भरलेले बाजार, फळांनी लगडलेल्या बागा, माणसांनी गजबजलेलं बंदर पाहिलं. परतल्यावर सिनेटमध्ये झग्याच्या घोळातून त्यानं ताजी अंजिरं टाकली आणि म्हणाला, ही ज्या देशात पिकतात तो इथून तीन दिवसांच्या वाटेवर आहे. अंजीर किती नाजूक फळ आहे ते आपल्याला माहीत आहे. ताजं अंजीर दिसलं म्हणजे शत्रू उशालाच आहे हे कुणालाही पटावं. पण पुरावा म्हणून त्यानं काय दाखवलं याकडे लक्ष द्या. हरलेला शेजारी पुन्हा सुखात आहे, एवढंच. त्यानंतर विषय कोणताही असो, भाषणाच्या शेवटी तो कार्थेज राहता कामा नये, असं जोडायचा.

त्याच्या विरोधात दुसरा एक सिनेटर, स्किपिओ नासिका, उभा राही आणि म्हणे, कार्थेज राहिलं पाहिजे. आधुनिक लेखक त्याला शहाणा ठरवतात. मला ते अर्धवट पटतं. नासिकाचं म्हणणं काय होतं? शेजारी धाक राहिला तर रोमन माणूस शिस्तीत राहील, धाक गेला तर माजेल. पुढे रोमन इतिहासकार सालुस्टनं रोमच्या अधःपाताची सुरुवात कार्थेजच्या अंतापासूनच मानली, त्यामुळे नासिका द्रष्टा ठरला. परंतु त्याच्या युक्तिवादात कार्थेजच्या माणसांचा पत्ता कुठे आहे? एकाला ते शहर रोग वाटतं, दुसऱ्याला औषध. तिथे लाखो माणसं राहतात, त्यांना जगायचा स्वतःचा हक्क आहे, हे सिनेटमधल्या त्या वादात कुणी बोलल्याची नोंद नाही. जिथे एखाद्या समाजाच्या बाजूनं उभं राहणाराही तो आपल्या उपयोगाचा आहे म्हणूनच उभा राहतो, तिथे त्या समाजाचं मरण फक्त तारखेपुरतं लांबलेलं असतं.

इ. स. पू. १५१ मध्ये शेवटचा हप्ता फिटला. योगायोग म्हणा किंवा काही, त्याच सुमाराला कार्थेजनं पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं. मॅसिनिसाच्या पक्षाची माणसं शहराबाहेर काढली, त्याच्या मुलांना वेशीवरून परत पाठवलं, आणि पुन्हा हल्ला झाल्यावर हसद्रुबलच्या हाताखाली सैन्य पाठवलं. रोमची परवानगी घेतली नाही. ते सैन्य मॅसिनिसानं कोंडून उपाशी मारलं. म्हणजे नुमिडियाच्या नव्वदीला टेकलेल्या राजाला हरवण्याचीही ताकद कार्थेजमध्ये उरली नव्हती. रोमनं मात्र तह मोडल्याचा डांगोरा पिटला. कार्थेजनं हसद्रुबलला मृत्युदंड ठोठावून वकील पाठवले. काय केलं म्हणजे आमचा अपराध पोटात घालाल, हे त्यांनी विचारलं. उत्तर आलं, रोमन जनतेचं समाधान करा. कशानं होईल समाधान? ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

यापुढचा प्रकार इतिहासकार अ‍ॅपियननं टप्प्याटप्प्यानं लिहिला आहे, आणि तो तसाच वाचावा. इ. स. पू. १४९ मध्ये कार्थेजनं बिनशर्त शरणागती दिली. सिनेटनं कळवलं, तुमचं स्वातंत्र्य, तुमचे कायदे, तुमची जमीन तुमच्याकडे राहील. तीस दिवसांत बड्या घरांतली तीनशे मुलं ओलीस द्या आणि कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, पुढे सांगतील ते करा. या यादीत ‘शहर’ हा शब्द नव्हता. काहींच्या ते लक्षात आलं होतं. मुलं दिली. मग कॉन्सल ऐंशी हजारांचं पायदळ घेऊन कार्थेजजवळच्या युटिकाला उतरले आणि म्हणाले, तुम्हाला शांतता हवी आहे तर शस्त्रं कशाला? शस्त्रंही दिली. दोन लाख सैनिकांची सामग्री आणि दोन हजार दगडफेकी यंत्रं गाड्यांवर लादून रोमन छावणीत पोचती केली. मग कॉन्सल सेन्सोरिनसनं शेवटचा हुकूम ऐकवला. शहर रिकामं करा आणि समुद्रापासून ऐंशी स्टेडिया, म्हणजे पंधरा-एक किलोमीटर आत कुठेही जाऊन राहा. शहर आम्ही जमीनदोस्त करणार. स्वातंत्र्याचं वचन दिलं होतं त्याचं काय, तर कार्थेज म्हणजे तुम्ही माणसं, ही जमीन नव्हे. समुद्रच तुमच्या दुःखाचं मूळ आहे, शेती करा, सुखी व्हाल.

सातशे वर्षं समुद्रावर जगलेल्या लोकांना हे सांगितलं गेलं, तेही मुलं आणि शस्त्रं काढून घेतल्यानंतर.

वेशी बंद झाल्या. देवळांचे कारखाने झाले. बायामाणसं दिवसरात्र पाळ्यांनी काम करू लागली; रोज शंभर ढाली, तीनशे तलवारी, यंत्रांसाठी हजार बाण. यंत्रांच्या दोरांना काही मिळेना तेव्हा बायकांनी केस कापून दिले. मृत्युदंड दिलेल्या हसद्रुबलला परत बोलावलं. या निःशस्त्र केलेल्या शहरापुढे जगातलं सर्वांत बलाढ्य सैन्य तीन वर्षं अडून राहिलं.

पॉलिबियसनं एक फार मोलाची नोंद ठेवली आहे. या घटनेवर ग्रीसमधले लोक तेव्हाच भांडत होते. एक गट म्हणे, रोमनं दूरदृष्टी दाखवली. दुसरा म्हणे, रोम आता अथेन्स-स्पार्टासारखंच सत्तेच्या हव्यासाला लागलं. पूर्वी ते शत्रू नमेपर्यंत लढे, आता नमलेल्यालाही मारतं. तिसऱ्याला राग होता कपटाचा, एकेक गोष्ट लपवून मागण्याचा. चौथा गट कायद्याचा. त्यांचं म्हणणं, कार्थेजनं बिनशर्त शरणागती दिल्यावर शहर, माणसं, देवळं सगळं रोमचं झालं. आपल्या वस्तूचं काय करायचं ते मालक ठरवणार, यात अन्याय कसला?

म्हणजे ‘त्या काळाचे नियमच वेगळे होते, आजच्या फुटपट्टीनं मोजू नका’ असं जे सांगतात, त्यांना उत्तर देण्याची गरज उरत नाही. त्या काळच्याच लोकांनी त्या काळच्याच फुटपट्टीनं मोजलं होतं.

चौथ्या गटाचा युक्तिवाद मात्र गंभीर आहे, कारण तो आजही वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो. सही केली ना, मग सोसा. पण शरणागतीच्या बदल्यात रोमनं स्वतःहून स्वातंत्र्य, कायदे आणि जमीन कबूल केली होती. ज्या समुद्रामुळे ते शहर उभं होतं तोच काढून घेऊन ‘स्वातंत्र्य दिलंय’ म्हणणं हा शब्दांचा खेळ आहे. आणि पुढचा हुकूम आधी सांगितला असता तर मुलं आणि शस्त्रं मिळाली नसती, हे कॉन्सलना माहीत होतं म्हणूनच तो शेवटी सांगितला. ज्या संमतीला वळण लावण्यासाठी माहिती दडवावी लागते, तिच्यावर कायद्याचा इमला कसा उभा राहील?

दूरदृष्टीवाल्यांच्या हाती एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळणं बरं नाही. कार्थेजच्या गोल लष्करी बंदरात दोनशेवर जहाजांच्या गाळ्यांची सोय होती. उत्खननांतून त्या बांधकामाचा काळ इ. स. पू. दुसऱ्या शतकातला दिसतो, म्हणजे तहाच्या नंतरचा. मग दहा जहाजांची अट पाळणाऱ्यांना एवढे गाळे कशाला? मला वाटतं, कार्थेजमध्ये पुन्हा उभं राहण्याची स्वप्नं पाहणारे नक्कीच होते. पण १४९ मध्ये त्या गाळ्यांत आरमार नव्हतं. वेढ्याच्या काळात जुन्या लाकडांतून त्यांना जहाजं जुळवावी लागली. आणि समजा काही तयारी होती, तरी ज्याची सत्तर गावं जातात आणि ज्याला ना न्याय मिळतो ना बचावाची मुभा, त्यानं तयारी करू नये, ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? भीतीला पुरावा लागतो असं नाही. ती आपल्या वागण्यानं पुरावा तयार करून घेते.

इ. स. पू. १४६ च्या वसंतात धाकटा स्किपिओ शहरात शिरला. बंदरापासून बिर्साच्या टेकडीपर्यंतच्या सहा मजली घरांच्या गल्ल्यांत सहा दिवस कत्तल चालली. शेवटी पन्नास हजार माणसं टेकडीवरून जीव वाचवून खाली आली आणि गुलाम म्हणून विकली गेली. जळतं शहर पाहून स्किपिओ रडला आणि ट्रॉयच्या नाशाविषयीच्या होमरच्या ओळी म्हणाला. पॉलिबियस शेजारीच उभा होता. जमिनीवर मीठ पेरल्याची गोष्ट मात्र कोणत्याही प्राचीन ग्रंथात नाही, ती फार नंतरची जोड आहे. मिठाची गरजही नव्हती. कार्थेजची ग्रंथालयं आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली गेली. सिनेटनं फक्त मागोचे शेतीवरचे अठ्ठावीस खंड ठेवून घेतले आणि त्यांचं लॅटिन भाषांतर करवलं. द्राक्षं कशी लावावी, बैल कसा निवडावा हे कार्थेजनं काय सांगितलं ते रोमला हवं होतं. स्वतःबद्दल कार्थेज काय म्हणत होतं, ते कुणालाच नको होतं. म्हणूनच या लेखातली जवळजवळ प्रत्येक साक्ष मला त्याला मारणाऱ्यांच्या बाजूकडून घ्यावी लागली. त्या साक्षींवरूनही निकाल रोमविरुद्ध जातो.

मॅसिनिसाला हा दिवस पाहायला मिळाला नाही. तो १४८ मध्ये वारला. ज्या शहरावर त्यानं आयुष्यभर डोळा ठेवला ते त्याच्या मुलांना मिळालं नाही. रोमनं तिथे ‘आफ्रिका’ नावाचा आपला प्रांत केला. आणि नुमिडियाच्या राजांनी या प्रांतात पाऊल टाकू नये म्हणून धाकट्या स्किपिओनं उत्तर किनाऱ्यापासून पार दक्षिणेला थेनीपर्यंत हद्दीचा खंदक आखून घेतला. राजखंदक म्हणत त्याला. सव्वादोनशे वर्षांनी, सम्राट व्हेस्पेजियनच्या काळात त्याच रेषेवर रोवलेले हद्दीचे दगड ट्युनिशियात सापडले आहेत. धाकटा स्किपिओ हा थोरल्याचा दत्तक नातू. आजोबानं इ. स. पू. १९३ मध्ये जी हद्द न ठरवताच परतीचं जहाज पकडलं होतं, ती नातवानं आखली, कारण आता जमीन रोमची होती.